लटारूभाऊंची मोजायची राहिलेली बोडी

मागच्या वर्षी पोळा झाल्यानंतरच्या आठवड्यात, गोंडपिपरी तालुक्यातल्या लटारू रामटेके यांच्या शेतात अनुदानातून खोदलेलं शेततळं मोजायला तालुक्याच्या कार्यालयातून एक मॅडम आल्या. तळं पाण्यानं भरलेलं होतं, म्हणून ते मोजता आलं नाही. पाहणीच्या नोंदीत 'शेततळे आढळले नाही' असा शेरा पडला.

ही दोन्ही विधानं मी तपासली. दोन्ही खरी आहेत. तळ्यात पाणी होतं आणि तळं आढळलं नाही. एकाच दिवशी, एकाच जागेबद्दल दोन्ही खरी कशी ठरली, हे लटारूभाऊंना कळलं नाही. ज्यांना त्यांनी विचारलं त्यांच्यापैकी कोणाला ते समजावून सांगता आलं, असंही नाही.

त्या काळात मी गोंडपिपरीला एका दैनिकाचा वार्ताहर होतो. लटारूभाऊ आष्टी रस्त्यावरच्या एका गावचे. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. उंच, हाडापेरानं मजबूत, चालताना थोडे पुढे झुकलेले, समोर काहीतरी पडलंय आणि ते उचलायचंय अशासारखे. अंगात बंडी, खांद्यावर दुपट्टा, आणि काखेत बियाण्याची रिकामी प्लास्टिकची पिशवी. तिच्यात सातबारा, आधार कार्ड, पासबुक आणि रेशन कार्ड असायचं. बाजाराला जातानाही ती बरोबर असे. कोण कधी काय मागेल याचा नेम नाही, असं त्यांचं म्हणणं.

"म्हंजे कसं?" हा त्यांचा प्रश्न. बसच्या कंडक्टरला, दवाखान्यातल्या सिस्टरला, सरपंचाला, सगळ्यांना तोच. विचारताना मान डावीकडे कलती करत आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ती तशीच ठेवत. एक गोष्ट ते तीन जणांना विचारत. तीन उत्तरं आली की सगळ्यात शेवटी जो बोलला असेल त्याचं ऐकत. असं का, हे मी त्यांना विचारलं होतं.

"पयल्याले काय मालूम जी, दुसरा काय सांगनार हाय ते," ते म्हणाले. "शेवटच्याले समदं मालूम रायते."

पण शेवटच्याला पहिले दोघं काय बोलले हे कोणी सांगितलेलं नसे. लटारूभाऊही सांगत नसत.

आमची ओळख एका आठवडी बाजाराच्या दिवशी झाली. माझ्या खोलीच्या पायरीवर ते येऊन बसले. मी पेपरात लिहितो हे त्यांना चहावाल्यानं सांगितलं होतं.

"भाऊ, तुमी लिवता ना जी? एक उत्तर लिवून पायजे."

त्यांनी मोबाईल पुढे केला. शेततळ्याच्या योजनेत त्यांनी अर्ज केला होता आणि सोडतीत त्यांचं नाव निघालं होतं. निवड झाली आहे, कागदपत्रं अपलोड करा, असा संदेश होता. लटारूभाऊंना त्या संदेशाला उत्तर पाठवायचं होतं. ते सांगू लागले.

"लिवा. साहेबाले नमस्कार. आमी मजेत आहो. सातबारा भेटला. पासबुकाची झेराक्स सापडून नाई राह्यली, पार्बता धुंडून राह्यली. दोन दिवसाची मोहलत असू द्या. तुमच्याकडं पानी कसं काय?"

पार्बताबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. मी त्यांना सांगितलं की हा संदेश माणूस पाठवत नाही.

"मंग कोन पाठवते?"

"यंत्र पाठवतं. आपोआप."

"त्याले माहं नाव कोनं सांगतलं?"

"कोणीतरी भरलं असेल."

"हाव ना. त्या कोनीतरीलेच लिवा."

मी लिहिलं आणि पाठवलं. संदेश गेला नाही, बाजूला लाल खूण आली. ती त्यांनी निरखून पाहिली आणि म्हणाले, "त्याच्या गावाले रेंज नसन."

काही दिवसांनी कागदपत्रांची मुदत वाढल्याचा संदेश आला. तो सगळ्याच अर्जदारांना आला होता. लटारूभाऊ मुद्दाम एसटीनं गोंडपिपरीला आले, मला तो दाखवायला. "पाहा. भेटलं त्याले," ते म्हणाले. "मानूस चांगला हाय." त्यानंतर अनुदानाच्या बाबतीत जे काही झालं, त्यात तो चांगला माणूस कुठेतरी बसलेला आहे, हा त्यांचा समज कायम राहिला. त्याला ते 'तिकडचा भाऊ' म्हणत.

योजनेची पद्धत अशी होती. आधी मोकळ्या जागेचा फोटो. मग खोदकाम. खोदकाम शेतकऱ्यानं स्वतःच्या खर्चानं करायचं. मग मोजणी, आणि मोजणी बरोबर निघाली तर अनुदान खात्यात. मशीनवाला अनुदानाची वाट पाहणार नव्हता. त्याचे पैसे व्याह्यांनी दिले. व्याही म्हणजे मुलीचे सासरे, नदीपलीकडे आष्टीच्या पुढे राहणारे. त्या बदल्यात लटारूभाऊंची बैलजोडी त्यांच्याकडे गेली. अनुदान आलं की पैसे परत, बैल परत. बोलणं तोंडी झालं. एका बैलाचं नाव कोसा, कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडासारख्या रंगाचा. दुसरा भुऱ्या.

पार्बताबाईंना हे पसंत नव्हतं. "बैल देऊन खड्डा घेतला," असं त्या येईल-जाईल त्याला सांगत.

मशीन घेऊन आलेला माणूस जालन्याकडचा होता. त्याच्याकडे नकाशा होता, चौकोनी खड्ड्याचा. ठरलेली लांबी, ठरलेली रुंदी, ठरलेली खोली, चारी बाजूंना उतार. त्यानं असे खड्डे त्याच्या भागात पुष्कळ खोदले होते. लटारूभाऊंनी नकाशा पाहिला आणि शेजारच्या डोमाजीला विचारलं. मग मशीनवाल्याला शेताच्या वरच्या अंगाला नेलं.

"इथी माती टाक. अर्ध्या चंद्रासारखी."

"आजोबा, कागदावर तर चौकोन आहे."

"कागद तिकडचा हाय. पानी इकडचं हाय."

धानाच्या या पट्ट्यात पाणी असंच अडवतात. जमीन जिथून उतरते तिथं खालच्या बाजूला मातीची पाळ घालायची, पाळीमागं पाऊस साठतो. त्याला बोडी म्हणतात. पाळीला एका जागी तोंड ठेवायचं आणि लागेल तेव्हा ते फोडून पाणी खालच्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या खाचरांत, सोडायचं. लटारूभाऊंच्या वडिलांच्या शेतात अशीच एक बोडी होती, ती भावाच्या वाट्याला गेली होती. तळं मंजूर झालं म्हणजे बोडी मंजूर झाली, यात त्यांना शंका घ्यावीशी वाटली नाही. मशीनवाल्यानं पाळीसाठी माती पाळीच्याच मागून काढली. त्यामुळे तिथं खड्डाही झाला, चांगला खोल. त्याचा आकार मात्र भाकरीच्या तुकड्यासारखा होता.

त्या पावसाळ्यात बोडी काठोकाठ भरली. गावातले लोक पाहायला येत. लटारूभाऊ पाळीवर बसलेले असत. येणारा विचारी, "भरली का जी लटारूभाऊ?" ते म्हणत, "तुमीच पाहा. मी सांगीन तं खोटं वाटन."

पोळ्याच्या दिवशी ते नदीपलीकडे व्याह्यांकडे गेले, हे मला पार्बताबाईंकडून कळलं. घर बौद्ध, बैलांची पूजा करत नाहीत. पण पोळ्याला बैल धुवायचे, तेल लावून शिंगं चकचकीत करायची, खाऊ घालायचं, हे लटारूभाऊंनी कधी चुकवलं नव्हतं. व्याह्यांच्या अंगणात त्यांनी कोसा आणि भुऱ्याला धुतलं.

व्याही म्हणाले, "बैल पाहाले आले का पोरीले?"

"पोरगी तुमची झाली. बैल आजून माहे हाय."

"हाय तं घेऊन जा ना मंग."

"येऊन राह्यलं," लटारूभाऊ म्हणाले. येऊन राह्यलं ते अनुदान.

त्यानंतरच्या आठवड्यात मॅडम मोजायला आल्या. तरुण, नोकरीत नव्या, पुण्याकडच्या. स्कूटी बांधावर उभी करून हातात टेप घेऊन चालत आल्या. लटारूभाऊंनी धुतलेला सदरा घातला होता. फोटोत लाभार्थी दिसला पाहिजे हे त्यांना माहीत होतं. पार्बताबाईही आल्या होत्या, कारण सातबाऱ्यावर त्यांचंही नाव होतं. त्या दिवशी मी तिथं होतो.

मॅडमनी बोडी पाहिली. मग मोबाईल पाहिला. मग पुन्हा बोडी.

"खड्डा कुठे आहे, काका?"

"हा काय."

"हे पाणी आहे."

"हाव. खड्डा पान्याखाली हाय."

"मला लांबी, रुंदी, खोली भरायची आहे."

"भरा ना जी. खोली माह्या डोक्याच्या वरतं हाय. मी उतरून दाखवतो." आणि ते सदरा काढू लागले.

"काका, नको!" मॅडम घाबरून म्हणाल्या. "आणि हा चौकोनी का नाही?"

"पानी चौकोनी नाई थांबत, बाई."

पार्बताबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मॅडमही हसल्या, मग थांबल्या. मोबाईलवरच्या नोंदीत दोनच पर्याय होते. 'आढळले' निवडलं की मापं भरावी लागत, आणि मापं भरल्याशिवाय नोंद जतन होत नसे. दुसरा पर्याय 'आढळले नाही'. दिवस संपण्याआधी नोंद जतन करणं त्यांना भाग होतं. त्यांनी वरिष्ठांना फोन लावला, बराच वेळ बोलल्या. शेवटी दुसरा पर्याय निवडला.

"हे तात्पुरतं आहे," त्या म्हणाल्या. "आतला खड्डा मापात बसला तर मी पुन्हा नोंद करीन. पण मोजता आला पाहिजे. महिनाअखेर मुदत आहे. तोवर पाणी काढा."

"म्हंजे कसं?"

"म्हणजे रिकामं करा."

लटारूभाऊंची मान कलती झाली. "पानी साठवाले तळं देलं ना जी तुमी?"

"हो."

"साठलं."

"हो. पण मोजायला रिकामं पाहिजे."

 मॅडम स्कूटीकडे निघाल्या तरी लटारूभाऊंची मान तशीच होती.

पुढच्या काही दिवसांत त्यांनी नेहमीप्रमाणे तीन ठिकाणी विचारलं. तालुक्याला एका बाबूनं सांगितलं की बोडीसाठी वेगळी योजना असते, दुरुस्तीची. पण ही बोडी नवी असल्यामुळे ती नादुरुस्त नाही, त्यामुळे त्यात बसणार नाही. अर्ज भरून देणाऱ्या केंद्रातल्या मुलीनं सांगितलं की नवीन अर्ज करा. पण जुना अर्ज चालू असेपर्यंत नवीन घेत नाही, आणि जुना बंद करण्याचं बटण तिला सापडत नव्हतं. ग्रामपंचायतीच्या एका सदस्यानं सांगितलं, मॅडम म्हणतात तसं करा, पाणी काढा. तो शेवटी बोलला होता.

या सुमारास पाऊस थांबला. लटारूभाऊंनी भारी धान लावलं होतं. ते उशिरा येतं आणि पाऊस गेल्यावर त्याला आणखी एक पाणी लागतं. ते पाणी बोडीत होतं. धान निसवायला आलं होतं, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेतात. आता बोडी एकदम सोडली तर पाणी बांध्यांवरून उतरून नाल्याला जाईल आणि पुढे पाऊस आला नाही तर धान पोचट राहील. नाही सोडली तर मोजणी नाही, अनुदान नाही, बैल नाहीत.

पार्बताबाईंनी हेच कमी शब्दांत सांगितलं. "बैल पायजे का धान पायजे?"

"दोनी."

"दोनी नाई भेटत."

"मॅडमनं पानी काढा म्हनलं. कसं काढा ते नाई म्हनलं."

त्यांनी बोडीखालच्या शेतकऱ्यांना निरोप दिला. बोडी फोडायची तर मालक एकटा फोडत नाही. पाणी लागणारे सगळे जमतात, बारी ठरते. सगळ्यात खालचं शेत आधी, मग वरचं, मालकाचं शेवटी. खालच्याला आधी का, तर वरचं भरून खाली पाणी उतरेल या भरवशावर खालचा बसत नाही. सगळ्यात खाली डोमाजी, त्याच्यावर शशिकलाबाई, मग लटारूभाऊ. पाळीचं तोंड फावड्यानं वीतभर उघडलं. तेवढ्यातून जेवढं पाणी जाईल तेवढंच. डोमाजीच्या बांध्या भरल्या की तोंड बंद, मग शशिकलाबाईंच्या. मधे कोणी घाई केली नाही.

"लटारूभाऊ, मुदत हाय ना तुमची?" डोमाजीनं विचारलं, असं तो मला म्हणाला.

"हाय ना. म्हनून तं काढून राह्यलो."

ठरल्या दिवशी मॅडम आल्या तेव्हा बोडी अर्धी होती. काठाला चिखल, मधे पाणी, पोरं मासे धरत होती. टेप लावायला जागा नव्हती. शशिकलाबाईंची बारी चालली होती.

"काका, सगळं एकदम का नाही सोडलं?" मॅडमचा आवाज चढला होता. रागापेक्षा त्यात काळजी जास्त होती.

लटारूभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं. खरोखर न कळून पाहिलं.

"एकदम? एकदम पानी कोन सोडते, बाई?"

"मुदत आज संपते आहे!"

"हाव. पन शशिकलाबाईचं धान आजून प्यालं नाई."

शशिकलाबाई बांधावर उभ्या होत्या. "भाऊ, बंद करा तोंड," त्या म्हणाल्या. "माह्यं पुरं झालं. तुमचं सोडा, लवकर होईन."

"तुमचा कोपरा कोरडा हाय," लटारूभाऊ म्हणाले. "मले इथून दिसून राह्यला."

मॅडम तासभर थांबल्या. पाण्याची पातळी बोटभर उतरली. त्यांनी पुन्हा फोन लावला, मग चिखलाचा फोटो काढला, लटारूभाऊंना शेजारी उभं करून. फोटोत ते ताठ उभे आहेत, हात मांड्यांना चिकटलेले, मागे डबक्यात पोरं वाकलेली. तो फोटो नोंदीला जोडला गेला की नाही, याची खात्री करता आली नाही.

बोडी पूर्ण रिकामी झाली तेव्हा मुदत संपून गेली होती. लटारूभाऊ एसटीनं तालुक्याला आले, बाबूला सांगायला.

"आता खाली हाय. या मोजाले."

"आता बंद झालं, काका."

"म्हंजे कसं? आता तं उघडी झाली."

बाबूनं त्यांना पाणी दिलं आणि बसायला सांगितलं. पुढच्या वर्षी पुन्हा उघडेल, असं तो म्हणाला. नक्की का, या प्रश्नाला तो हो म्हणाला आणि नाहीही म्हणाला.

मी बातमी पाठवली. ती चार ओळींत छापून आली. मुख्यालयात कोणीतरी मथळा दिला होता, 'शेततळ्याचे पाणी वाया'. लटारूभाऊंनी ती दुसऱ्याकडून वाचून घेतली आणि मला फोन केला. आवाजात तक्रार नव्हती.

"भाऊ, वाया कुठी गेलं म्हनून लिवलं जी? मी तं समदं पाह्यलं होतं. डोमाजीले गेलं, शशिकलाबाईले गेलं, मले थोडं कमी भेटलं. वाया गेलेलं मले दिसलं नाई. तुमाले दिसलं का?"

मला दिसलं नव्हतं, असं मी सांगितलं.

"मंग तिकडच्या भाऊले दिसलं असन," ते म्हणाले.

नंतर पाऊस आला नाही. डोमाजी आणि शशिकलाबाई यांचं धान भरलं. लटारूभाऊंचंही आलं, कडेच्या दोन बांध्या सोडून. तिथं पाणी पोचलं नव्हतं.

होळीनंतर माझी बदली चंद्रपूरला झाली. निघण्याआधी आलापल्लीला एक काम होतं. परत येताना आष्टीच्या पुलावर लटारूभाऊ दिसले. दुपारची वेळ, पुलावर ट्रकांची रांग. ते कडेनं चालत होते आणि त्यांच्या मागे कासऱ्याला एक बैल होता. कोसा. मी गाडी थांबवली.

"एकच?"

"भुऱ्या व्याह्यानं ठेवला. त्याच्या घरचा एक पोट फुगून मेला, जोडीले बैल नाई. हा म्हने घेऊन जा."

"पैशाचं?"

"अर्ध्याचं अर्ध्याले झालं म्हनते. कसं झालं ते मले नाई समजलं. पन तो हासला, मंग मीबी हासलो."

"एका बैलानं काय करणार?"

"पाहू जी." त्यांनी कोसाच्या मानेवरची धूळ दुपट्ट्यानं झटकली. मग मान डावीकडे कलली. "भाऊ, तुमी चंद्रपूरले चालले. तिथी मोठं हापीस हाय. बोडी आता कोरडी ठन्न हाय. आता मोजाले येतीन का?"

मला माहीत नाही, असं मी सांगितलं.

"कोनाले मालूम असन?"

 मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. लटारूभाऊंनी मला पुढे जायची खूण केली आणि कोसाला कडेला ओढून घेतलं. आरशात ते पुलाच्या मधोमध येईपर्यंत दिसत होते.

त्यानंतर त्यांची भेट नाही. मृगाच्या आधी पार्बताबाईंशी फोनवर बोलणं झालं. मोजणीसाठी कोणी आलेलं नव्हतं. शेतात त्या दिवशी नांगर चालू होता. जुवाच्या डाव्या बाजूला कोसा होता. उजव्या बाजूला डोमाजीचा बैल होता.